करडे ते रांजणगाव : शिरूर-दौंडच्या विकासाची दीडशे वर्षे

१/
१८७४ सालाच्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावात कर्जापायी एका घरावर जप्ती आली. घर बाबासाहेब देशमुखांचे, हुकूमनामा काळूराम नावाच्या सावकाराचा, रक्कम दीडशे रुपये. आज याच करड्यापासून काही किलोमीटरवर रांजणगावची पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. या दोन टोकांच्या मधल्या काळात शासनाने शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या उन्नतीसाठी काय काय केले, त्यातून कोणाच्या पदरात काय पडले, याचा हा धागा.

२/
प्रथम भूगोल. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्या इथून वाहतात, पण त्यांचे पाणी पडते पश्चिमेला, मावळात. नदीकाठची काळी जमीन सुपीक, माळावरची मुरमाड. एकोणिसाव्या शतकात आजचा दौंड तालुका भीमथडी तालुक्यात मोडत असे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नावाजलेली भीमथडीची तट्टे याच मुलखातली. घोड्यांना मानवणारा हा मुलूख शेतकऱ्याची मात्र दर दोन-चार वर्षांनी परीक्षा पाहत असे.

३/
करड्याच्या घटनेमागे मोठी कारणपरंपरा होती. रयतवारी पद्धतीत सारा रोखीने आणि ठरल्या मुदतीत भरावा लागे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला तिथला कापूस मिळेना. हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील तालुक्यांची फेरपाहणी होऊन सारा वाढला. उत्पन्न घटले, देणे वाढले, आणि नव्या दिवाणी न्यायालयांत सावकाराच्या हाती असलेला कागद शेतकऱ्याच्या तोंडी शब्दापेक्षा वजनदार ठरू लागला.

४/
करड्यात देशमुखांनी गावाला एकत्र केले आणि सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेते कसायची नाहीत, त्यांचे पाणी भरायचे नाही, त्यांची हजामत करायची नाही. अखेर सावकारांना तालुक्याच्या गावी निघून जावे लागले. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे (हे गाव आज बारामती तालुक्यात आहे) बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांच्या घरांवर हल्ला केला. पुढील काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतील ३३ गावांत असे प्रकार घडले.

५/
या उठावाचे वैशिष्ट्य असे, की जमावाचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि खतावण्या हस्तगत करायच्या आणि जाळायच्या. जिथे सावकाराने कागद निमूटपणे दिले, तिथे बहुधा हिंसाचार झाला नाही. सरकारने दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक केली. त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखली जाते. शिरूर-भीमथडीच्या शेतकऱ्यांनी आपल्या अवस्थेची दखल घेण्यास राज्यकर्त्यांना भाग पाडले, ते असे.

६/
चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. कर्जाच्या कागदामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. विशेषतः गहाण नसलेली जमीन कर्जापोटी विकता येईना. ग्रामीण प्रश्नावर शासनाने इथे प्रथमच एवढ्या थेटपणे हात घातला.

७/
कायद्याची मर्यादाही लवकरच उघड झाली. सावकारांनी साधे कर्ज देणे आखडते घेतले आणि जमिनीचे गहाणखत किंवा नावापुरते खरेदीखतच लिहून मागण्यास सुरुवात केली. कायद्याने सावकाराला आवर घातला, परंतु त्याच्या जागी पैसा देणारे दुसरे कोणी उभे केले नाही. १८८० च्या दशकात विल्यम वेडरबर्न यांनी दौंडशेजारच्या पुरंदर तालुक्यात प्रायोगिक कृषी बँक काढण्याची योजना मांडली. न्यायमूर्ती रानडे यांचाही तिला पाठिंबा होता. लंडनहून ती नाकारली गेली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा येण्यास १९०४ साल उजाडले.

८/
दंग्यांपाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या भरावाची मातीकामे त्यांपैकीच एक. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग आधीच झाला होता. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि भीमेकाठचे दौंड मोठे जंक्शन बनले. तलावांची कामेही निघाली. दौंड तालुक्यातील माटोबा तलाव हा त्या काळाचा वारसा.

९/
या कामांवरील मजुरीचा इतिहास कटू आहे. दुष्काळ आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी मजुरी इतकी खाली आणली, की तिची किंमत दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढीच उरली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्या धान्यावर जगणे अशक्य होते. पुणे जिल्ह्यातील हजारो मजुरांनी १८७७ च्या आरंभी या दराने काम करण्यास नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मजुराच्या पोटाला किती लागते, हा प्रश्न इथे प्रथमच सार्वजनिक चर्चेत आला. शंभर वर्षांनी तो पुन्हा येणार होता.

१०/
त्याच दशकातील दुसरे मोठे काम म्हणजे मुठा कालवा. कर्नल फाइफ यांच्या देखरेखीखाली खडकवासल्याला धरण झाले आणि उजवा कालवा पुणे शहराला वळसा घालून भीमथडीच्या कोरडवाहू गावांकडे निघाला. एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. या कालव्याला जन्मापासूनच दोन धनी होते. एक पुणे-खडकीच्या छावण्या आणि शहर, दुसरे पूर्वेकडील शेती. शहर कालव्याच्या डोक्याशी, शेती शेपटाशी. टंचाईच्या वर्षी कोणाची तहान आधी भागणार, हे त्या रचनेतच जवळपास ठरून गेले होते.

११/
सरकारी योजनांच्या बाहेरही काही घडत होते. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातील केडगावला दुष्काळग्रस्त स्त्रिया आणि मुलींसाठी मुक्ती सदन वसवले. तिथे शिक्षणासोबत शेती, विणकाम, तेलघाणा आणि छपाईची कामे शिकवली जात. दुष्काळग्रस्ताला हंगामी मजुरीवर ठेवण्याऐवजी त्याच्या हाती कायमचे कसब द्यावे, हा विचार या तालुक्यात सर्वप्रथम एका स्त्रीने अमलात आणला, याची नोंद अवश्य घ्यावी.

१२/
कालवा नसलेल्या गावांची स्थिती काय होती? पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची घरोघर पाहणी केली. तिचा अहवाल १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटण्यांमुळे तुकडे तुकडे झालेली जमीन, कर्जाचे व्याज आणि बेभरवशाचा पाऊस यांमुळे बहुसंख्य कुटुंबांचा जमाखर्च जुळत नाही, असे त्यातून दिसले. दख्खनच्या दंग्यांना तेव्हा ४५ वर्षे उलटली होती. कायदा आला होता, दुःस्थिती मात्र कायम होती.

१३/
स्वातंत्र्यानंतर विकासाचा शब्दसंग्रह बदलला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६२ या एकाच वर्षी दोन महत्त्वाच्या व्यवस्था अस्तित्वात आल्या. १ मे रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या, १ ऑगस्ट रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी. पहिल्या व्यवस्थेने निर्णयाचा काही अधिकार तालुक्यापर्यंत आणला. दुसरीने जमीन संपादन करून कारखाने वसवण्याचा अधिकार राज्याच्या हाती एकवटला. शिरूर-दौंडचा पुढचा इतिहास या दोहोंमधील ताणाचा आहे.

१४/
आधी पाण्याची गोष्ट. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्यात हाहाकार उडाला. दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली, पुढे वरसगाव आणि टेमघरची भर पडली. नवा मुठा उजवा कालवा दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत गेला. शिरूरला चिंचणी येथील घोड धरण, चासकमान आणि कुकडी प्रकल्पातील डिंभे धरण यांचे पाणी मिळाले. ज्या गावांतून कालवा गेला, तिथे एका पिढीत ज्वारी-बाजरीची जागा उसाने घेतली.

१५/
या हिरवळीची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली होती. धरणांखाली मावळ, मुळशी, वेल्हे आणि खेडच्या खोऱ्यांतील गावे बुडाली. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यावी, असे धोरण ठरले आणि १९७६ मध्ये त्यासाठी राज्याचा पुनर्वसन कायदा झाला. पानशेत-वरसगावच्या धरणग्रस्तांपैकी अनेकांना दौंड तालुक्यात जमिनी मिळाल्या. भातशेती करणारा डोंगराळ माणूस अशा रीतीने कालव्याच्या काळ्या रानात आला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची नाराजी आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांचे परकेपण, दोन्ही सरकारी कागदांत फारसे उमटत नाही.

१६/
१९७२ चा दुष्काळ हा आणखी एक टप्पा. त्या वर्षी राज्यभर दुष्काळी कामे निघाली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणे. गावागावांत सुकडी वाटली गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. टेंपलच्या काळात काम ही सरकारची मेहेरबानी होती, आता काम मागणे हा हक्क झाला, आणि त्याचा पैसा मुख्यतः शहराच्या खिशातून आला. पाण्याच्या व्यवहारात जे जमले नाही, ते इथे काही अंशी जमले.

१७/
उसाबरोबर साखर कारखानदारी आली. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी कारखाने उभे राहिले. शेतकऱ्यांचे भाग, शासनाचे भागभांडवल आणि कर्जाला शासनाची हमी, अशी ही घडण. रस्ते, शाळा, महाविद्यालये आणि दूध संस्था यांचे जाळे कारखान्यांभोवती विणले गेले. १८७५ मध्ये शेतकऱ्याला हवी असलेली संस्थात्मक पत शंभर वर्षांनी खरोखर त्याच्या दारात आली होती. अलीकडच्या वर्षांत मात्र दोन्ही कारखाने आर्थिक अडचणीत सापडून काही हंगाम बंद राहिले. भीमा भाडेतत्त्वावर खासगी व्यवस्थापनाकडे गेला. सभासदाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ उसाच्या दराचा नाही. आपण ज्याचे मालक आहोत असे सांगितले गेले, त्याचे नेमके काय झाले, हा तो प्रश्न आहे.

१८/
उद्योगांची गोष्ट १९९० च्या दशकात वेग घेते. पिंपरी-चिंचवडचा पट्टा भरत आला होता. उद्योग ग्रामीण भागात न्यावेत, यासाठी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून होतीच. एमआयडीसीने पुणे-सोलापूर महामार्गावर कुरकुंभला आणि पुणे-नगर महामार्गावर रांजणगावला वसाहती वसवल्या. कुरकुंभला प्रामुख्याने रासायनिक कारखाने, रांजणगावला मोटारी, घरगुती उपकरणे आणि इलेक्ट्रॉनिक्स. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात वसाहतीबाहेरही कारखाने दाटले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला मंजुरी दिल्याचे जाहीर केले.

१९/
यातून रोजगार निर्माण झाला, हे निर्विवाद. कारेगावसारखी गावे मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर भारतातून आलेल्या कामगारांनी गजबजली. ज्यांच्याकडे महामार्गालगत जमीन उरली, त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या, गाड्या लावल्या, कंत्राटे घेतली. ज्यांची सगळी जमीन गेली आणि मोबदल्याचा पैसाही सरला, त्यांच्या मुलांच्या वाट्याला बऱ्याचदा कंत्राटी काम आले. ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असे राज्याचे धोरण आहे. पण त्यातील ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा अधिवासी. ज्या गावची जमीन गेली, त्या गावचा मुलगा असा त्याचा अर्थ होत नाही. गावकरी आणि शासन अनेकदा एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात, ते इथे दिसते. कुरकुंभ परिसरातील विहिरींच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी हाही या विकासाचाच एक जमाखर्च.

२०/
आणि पाणी? खडकवासला साखळीतील चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी. शहर वाढत गेले तसा त्यातील शहराचा वाटा वाढत गेला आणि दौंड-इंदापूरच्या आवर्तनांवर दरवर्षी वाद होऊ लागले. तोडगा म्हणून शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलायचे आणि शेतीला द्यायचे ठरले. वर्षाला साडेसहा टीएमसीचा तो करार. हे पाणी ज्या बेबी कालव्यातून दौंडकडे जाते, तो म्हणजे ब्रिटिशकालीन जुना मुठा कालवा. ज्या पाटातून पूर्वी धरणाचे नितळ पाणी भीमथडीला गेले, त्याच पाटातून आज शहराने वापरून सोडलेले पाणी जाते आणि त्याच्या दर्जाबद्दल शेतकरी तक्रारी करतात.

२१/
शिरूरच्या पश्चिमेकडील पाबळ-केंदूर-कान्हूर मेसाई हा भाग तर अशा वाटणीतही फारसा आला नाही. तिथली गावे अजून हक्काच्या पाण्याची मागणी करत आहेत. याच पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. दुष्काळी गावातील मुलांनी वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती, बांधकाम असे हाताने करत शिकावे, ही त्यांची पद्धत. पुढे ती राज्यातील अनेक शाळांच्या अभ्यासक्रमात आली. केडगावच्या मुक्ती सदनाशी तिचा थेट संबंध नाही, पण दोहोंचा प्रश्न एकच होता. विकास बाहेरून येईल तेव्हा येईल, तोवर गावातल्या माणसाच्या हाती काय असेल?

२२/
या दीडशे वर्षांचा आलेख मांडला तर एक आकृती दिसते. लोहमार्ग, कालवा, महामार्ग. शासनाचा विकास इथे रेषेने आला. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या गावांचे नशीब पालटले, दूरची गावे वाट पाहत राहिली. हे कोणाचे कारस्थान होते, असे म्हणण्याची गरज नाही. पाणी उताराने वाहते, कारखाना रस्ता शोधतो. मात्र रेषा कुठून न्यायची, हे ठरवणारे लोक बहुधा तालुक्याबाहेरचे होते. १८७७ चे मजूर, १८७५ चे शेतकरी आणि आजचे आवर्तन मागणारे कालव्याच्या शेपटाचे खातेदार, या सर्वांचे भांडण मुळात या निर्णयाच्या अधिकारासाठी आहे.

२३/
प्रगती झाली का? झाली. १८७६ च्या दुष्काळात माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली, १९७२ मध्ये तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय शासनाच्या प्रयत्नांना द्यावेच लागते. पण ‘तालुक्याचा विकास झाला’ हे वाक्य पुरे नाही. कोणत्या गावाचा, कोणत्या दशकात, कोणाच्या पाण्यावर आणि कोणाच्या जमिनीवर, हे विचारले की इतिहासाला खरी सुरुवात होते.

२४/
ज्यांना हा इतिहास स्वतः पाहायचा असेल, त्यांनी या दोन तालुक्यांतील एखाद्या गावचा सातबारा आणि त्याचे जुने फेरफार उघडावेत. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा दिसेल, कुठे पुनर्वसनासाठी संपादनाचा शेरा दिसेल, कुठे एमआयडीसीची नोंद. जुन्या फेरफारांत सावकाराचे गहाणखतही सापडेल. १८७५ मध्ये लोकांना कागद नष्ट करावेसे वाटले, कारण तो त्यांच्याविरुद्ध बोलत होता आणि त्यांना वाचता येत नव्हता. आज तो वाचता येणारी पिढी गावागावांत आहे. तिने तो वाचावा.